मोटार, मद्य आणि पुराव्याचा भार : रत्नागिरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

मुंबई प्रांताच्या कायदेविषयक इतिहासात १९४९ हे वर्ष दोन निरनिराळ्या कारणांनी लक्षात घ्यावे लागते. त्या वर्षीच्या १६ जून रोजी मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. आणि त्याच वर्षी गरिबांना व मागासवर्गीयांना दिवाणी व फौजदारी कामांत कायद्याचे साहाय्य कसे देता येईल याचा विचार करण्यासाठी मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. पहिल्या घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसरी बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. दोन्ही गोष्टी एकाच मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत घडल्या, आणि त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख बाळ गंगाधर खेर हे जन्माने रत्नागिरीचे व पेशाने सॉलिसिटर होते. नागरिकावर नवा आरोप ठेवण्याची सोय आणि त्या आरोपाला उत्तर देण्यासाठी वकील मिळवून देण्याची सोय, या दोहोंचा विचार एकाच सुमारास एकाच सचिवालयात चालला होता. पहिली सोय वर्षभरात प्रांताच्या कानाकोपऱ्यांत पोचली. ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात दारूबंदी जारी झाली. दुसरीला न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टापर्यंत हक्क म्हणून येण्यास पाऊणशे वर्षे लागली.

या दोन सोयींमधील अंतर मोजावयाचे झाल्यास मद्यप्राशन करून मोटार चालविल्याच्या आरोपाइतके सोयीचे माप दुसरे नाही. हा आरोप श्रीमंतावर येतो तसा मालमोटारीच्या चालकावरही येतो. तो बहुधा रात्री येतो. त्यात साक्षीदार पोलीस आणि डॉक्टर हेच असतात. आणि आरोपीची बाजू मजबूत किंवा कमकुवत करणाऱ्या बऱ्याचशा गोष्टी पहिल्या दोन-चार तासांतच घडून जातात. या आरोपाच्या सिद्धतेचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, निर्णयाची जागा हळूहळू कोर्टाकडून रस्त्याकडे व रुग्णालयाकडे सरकत गेली, आणि वकिलाचे साहाय्य मात्र दीर्घकाळ कोर्टाच्या दारातच उभे राहिले. ही सरक कशी झाली, आणि मुंबईपासून दूर असलेल्या रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात तिचा अर्थ काय होतो, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

मोटारीसंबंधीचा मूळ नियम इंग्रजी आहे. इंग्लंडात १८७२ च्या परवानाविषयक कायद्याने गाडी, घोडा, गुरे अथवा वाफेचे यंत्र ताब्यात असताना सार्वजनिक जागी मद्यधुंद असणे हा गुन्हा ठरविला होता. १९२५ मध्ये हा नियम यांत्रिक वाहनांना स्पष्टपणे लागू झाला, आणि १९३० च्या रस्ता-वाहतूक कायद्याने त्याला पुढे रूढ झालेले स्वरूप दिले : वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ व्हावे इतपत मद्याचा किंवा मादक द्रव्याचा अंमल चालकावर असला पाहिजे. हिंदुस्थानच्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ११७ हे याच शब्दरचनेवर बेतलेले होते. येथे गुन्ह्याचा गाभा मद्य हा नव्हता, असमर्थता हा होता. चालकाने मद्य घेतले एवढे दाखवून सरकार पक्षाचे काम भागत नसे. त्याची चाल, बोलणे, डोळ्यांच्या बाहुल्या, सरळ रेषेवर चालता येते की नाही, यांवरून डॉक्टर मत देई, आणि त्या मताची उलटतपासणी होई. दमलेला माणूसही अडखळतो, अपघाताच्या धक्क्याने बोलणे तुटक होते, हे वकिलाने डॉक्टरच्या तोंडून वदवून घ्यावयाचे. ज्याला वकील करता येई त्याच्या दृष्टीने हा कायदा बराच सैल होता. ज्याला करता येत नसे त्याच्या दृष्टीने फौजदार व डॉक्टर यांचे म्हणणे हाच निकाल.

१९४९ च्या कायद्याने या चित्रात एक अगदी वेगळा आरोप आणून ठेवला. परवान्यावाचून मद्य पिणे हाच गुन्हा झाला. कोकणाच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. माडी हा येथील माडांच्या बागांचा जुना व्यवहार. भंडारी समाजाच्या अनेक कुटुंबांची उपजीविका माड छेदण्यावर चाले. १८७८ च्या अबकारी कायद्याने या व्यवहारावर सरकारी कराची व मक्त्याची पकड बसविली होती, पण पिणाऱ्याला गुन्हेगार ठरविले नव्हते. १९४९ नंतर तोही गुन्हेगार झाला. शिवाय जिल्ह्याची दक्षिण सीमा गोव्याला भिडत होती, आणि गोव्यात दारूबंदी नव्हती : १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली नव्हती, त्यानंतर भारतीय अमलाखालीही आली नाही. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत बांदा आणि सावंतवाडीचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता. तेव्हा गोव्यात रीतसर प्यालेला चालक घाटवाटेने जिल्ह्यात शिरला म्हणजे त्याचे काय करावयाचे, हा प्रश्न कागदावरचा नव्हता. दारूबंदीचा कायदा राज्याचा; त्याचा हात राज्यात केलेल्या प्राशनापुरता पोचणार. मोटारीचा कायदा मध्यवर्ती. त्याला मद्य कोठे घेतले याच्याशी कर्तव्य नाही, चालकाची अवस्था काय आहे याच्याशी आहे. एकाच माणसावर एकाच रात्री ठेवलेले हे दोन आरोप दिसायला जुळे वाटले तरी त्यांची सिद्धता निराळी आणि बचावही निराळा. हा भेद आरोपीला कोणी समजावून सांगितला नाही तर तो एका आरोपाच्या भीतीने दुसऱ्याची कबुली देऊन बसतो.

दोन्ही आरोपांचा संबंध कसा गुंतागुंतीचा आहे याचा पहिला मोठा धडा मुंबईच्या एका खटल्याने घालून दिला, आणि त्यातील आरोपी मोटार-परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या खात्याचाच अधिकारी होता. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात दारूबंदी कायदा बहुतांशी वैध ठरविला. मात्र मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने वापरण्यास ज्या तरतुदींनी बंदी घातली होती त्या तेवढ्यापुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, २९ मेच्या रात्री, मुंबई विभागाचे हंगामी प्रादेशिक परिवहन अधिकारी बेहराम पेसिकाका यांच्या जीपचा कुलाब्याकडे अपघात होऊन तीन माणसे जखमी झाली. पोलिसांनी त्यांना वैद्यकीय तपासणीसाठी नेले. डॉक्टरांना श्वासाला मद्याचा वास आला. परंतु बोलणे सुसंगत होते व सरळ रेषेवर चालताही येत होते. मद्य घेतलेले आहे, पण त्याचा अंमल दिसत नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. आरोपीचे म्हणणे असे की, आपण जेवणानंतर मद्यार्काचा अंश असलेले एक शक्तिवर्धक औषध घेतले होते.

निष्काळजीपणाने दुखापत केल्याचा आरोप टिकला नाही. उरला तो प्राशनाचा. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने तेथेही आरोपीला सोडले, पण उच्च न्यायालयाने त्याला दोषी धरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा प्रश्न एवढाच होता की, पोटात गेलेले मद्य औषधाच्या रूपाने गेले होते हे आरोपीने सिद्ध करावयाचे, की ते तसे गेले नव्हते हे सरकारने सिद्ध करावयाचे? प्रथम तीन न्यायाधीशांपुढे सुनावणी झाली आणि मते फुटली. त्या तिघांत एक होते न्या. भगवती, कायदेसाहाय्य समितीचे तेच अध्यक्ष. पुढे घटनापीठाने १९५४ मध्ये बहुमताने निर्णय दिला : जी तरतूद घटनाबाह्य ठरली ती त्या मर्यादेत अस्तित्वातच नाही असे समजले पाहिजे, तेव्हा उरलेल्या गुन्ह्याचे सर्व घटक, म्हणजे घेतलेले मद्य निषिद्ध प्रकारचेच होते हेसुद्धा, सरकारनेच सिद्ध केले पाहिजेत. न्या. एस. आर. दास यांचे मत वेगळे पडले. मुख्य न्यायाधीश मेहेरचंद महाजन यांच्या बहुमताच्या निर्णयामुळे शिक्षा रद्द झाली.

या निर्णयाचे महत्त्व घटनेच्या अभ्यासकांनी पुष्कळ वर्णिले आहे; मूलभूत हक्काशी विसंगत कायद्याचे स्वरूप काय, या चर्चेत त्याचा उल्लेख हटकून येतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की, हा मुद्दा सुटण्यासाठी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टापासून दिल्लीपर्यंत तीन पायऱ्या चढाव्या लागल्या. त्या काळात श्वासाला वास येतो या कारणाने जे इतर लोक राज्यातील तालुक्यांच्या कोर्टांत उभे राहिले, त्यांच्यापैकी किती जणांना असा काही मुद्दा आहे याची कल्पना असेल? भगवती समितीने तालुक्यापासून राज्यापर्यंत साहाय्याची यंत्रणा सुचविली होती. १९५८ साली मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील कायदा आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात या विषयाचा पुन्हा परामर्श घेतला तेव्हा अशा योजना पैशाच्या अभावी रेंगाळल्याचेच दिसून आले. दारूबंदीची अंमलबजावणी करावयास मात्र पैसा कमी पडला नाही. तिच्यापायी अबकारी उत्पन्नावर पाणी सोडावे लागले तेही राज्याने सोडले.

पेसिकाका खटल्यातील निर्णयाने सरकारची अडचण झाली ती विधिमंडळाने १९५९ साली कायदा दुरुस्त करून सोडविली, आणि या दुरुस्तीतच आकड्याचा प्रवेश झाला. आरोपीच्या रक्तात वजन-घनफळाच्या हिशेबाने शेकडा ०.०५ हून कमी नाही इतके मद्यार्क आढळले, तर ते औषध, प्रसाधन अथवा तत्सम पदार्थातून आले हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर जावा, असे कलम ६६ मध्ये घातले गेले. वैद्यकीय तपासणी व रक्तपरीक्षा यांची पद्धत सांगणारी कलमे १२९-अ व १२९-ब आली. त्याच वर्षी नियमही झाले. जगात रक्तातील मद्यार्काचा आकडा कायद्यात आणणारा पहिला देश नॉर्वे. तेथे १९३६ मध्येच शेकडा ०.०५ ही मर्यादा मोटारचालकांना घालून दिली होती. इंग्लंडने १००मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम ही मर्यादा १९६७ मध्ये स्वीकारली. म्हणजे मुंबई राज्याने इंग्लंडच्या आठ वर्षे आधी आकडा आणला. फक्त तो मोटार चालविण्यासाठी आणला नाही, पिण्यासाठी आणला. हा उफराटा क्रम आहे. रस्त्यावरील धोका मोजण्यासाठी जगाने जे माप शोधले ते येथे प्रथम पुराव्याचा भार हलविण्याच्या कामी आले.

१९५९ च्या नियमांचे वाचन उद्बोधक आहे. पिचकारी उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावी. कातडी पाण्याने स्वच्छ करावी. रक्त काढण्याच्या कोणत्याही टप्प्यावर स्पिरिटचा स्पर्श होऊ देऊ नये. कुपीत रक्त न गोठू देणारे व टिकविणारे द्रव्य असावे. कुपीवर चिठ्ठी व मोहोर असावी. आणि नमुना घेतल्यापासून सात दिवसांच्या आत तो परीक्षकाकडे पोचावा. प्रत्येक अटीमागे एक शंका आहे. कातडीवरचे स्पिरिट रक्तात मिसळले तर? कुपीतले रक्त कुजून त्यातच मद्यार्क तयार झाला तर? कुपी वाटेत बदलली तर? कोर्टात विचारण्याजोगे सर्व प्रश्न नियम करणाराने आधीच लिहून ठेवले आहेत म्हणा ना! परंतु ते प्रश्न विचारणारा कोणी असला तरच. कलम १२९-ब ने डॉक्टरचा व रासायनिक परीक्षकाचा अहवाल त्यांना साक्षीला न बोलावताही पुराव्यात घेण्याची मुभा दिली. आरोपीने अर्ज केल्यास त्यांना बोलावण्याची तरतूदही केली. अर्ज करता येतो हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुरती ती तरतूद नसल्यासारखीच.

रत्नागिरीच्या बाबतीत या सात दिवसांना भूगोलाचा अर्थ होता. मुंबई रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत परशुराम, भोस्ते व कशेडी असे घाट. कोल्हापूर आंबा घाटापलीकडे सुमारे १३० किलोमीटर. उतारूंची आगबोट पावसाळ्यात बंद. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली खुला झाला. मंडणगड किंवा दापोलीच्या बाजूला घेतलेला नमुना मुंबईच्या परीक्षकाकडे पोचेपर्यंत तो किती हातांतून जाई, किती दिवस कोणत्या कपाटात राही, हे तपासणे हाच बचावाचा मुख्य आधार ठरू शके. कायद्याने ठरविलेली वेळ सर्व जिल्ह्यांना सारखी; वाटा सारख्या नव्हत्या.

नमुन्याच्या या प्रवासाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो खानदेशातून. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६३ चा निर्णय धुळे येथील कोर्टात चाललेल्या खटल्यातून निघाला. १९६१ च्या एप्रिलमधील एका मोटार अपघातानंतर आरोपीला रुग्णालयात आणले गेले आणि तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने त्याचे रक्त घेतले. पुढे कुपी काही दिवस कोणाच्या ताब्यात होती याचा पुरावा सरकार पक्षाने आणला नव्हता. ही उणीव पाहून सत्र न्यायालयाने फेरचौकशीचा हुकूम दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला : सरकार पक्षाने आपल्या पुराव्यातील छिद्रे बुजवावीत एवढ्याचसाठी आरोपीला पुन्हा पहिल्यापासून खटल्याच्या चरकात घालता येणार नाही, अपिलाच्या कोर्टाला अवश्य वाटल्यास त्याने अधिक पुरावा घ्यावा. येथपर्यंत निर्णय आरोपीच्या बाजूचा दिसतो. पण दुसऱ्या मुद्द्यावर बहुमताने असे ठरविले की, पोलिसांच्या तपासाच्या ओघात नव्हे तर रुग्णालयात डॉक्टरने स्वतःहून घेतलेल्या रक्ताला कलम १२९-अ ची पद्धत लागू नाही, आणि अशा रक्ताच्या अहवालावरूनही भार आरोपीकडे जाऊ शकतो. न्या. सुब्बा राव यांनी याच्याशी असहमती दर्शविली. भार उलटविण्यासारखी कठोर गोष्ट कायद्याने सांगितलेल्या सावधगिरीनेच झाली पाहिजे, हा त्यांच्या मताचा रोख होता. अपघातानंतर चालक बहुधा प्रथम रुग्णालयातच जातो हे ध्यानात घेता भिन्नमत अधिक व्यवहारी वाटते. १९५९ च्या नियमांतील साऱ्या काळजीला बहुमताने एक मागचा दरवाजा ठेवला.

रक्त देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे काय, या शंकेचे उत्तर त्याआधीच मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निर्णयाच्या तत्त्वाने मिळाले होते : घटनेच्या अनुच्छेद २० चे संरक्षण साक्षीला आहे, हातांचे ठसे, हस्ताक्षर यांसारख्या शारीरिक गोष्टी देणे ही साक्ष नव्हे. उलट, केवळ लक्षणांवर विसंबण्याची सवय न्यायालयाने १९७१ मध्ये बचुभाई करयानी खटल्यात तोडली. श्वासाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणे व विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही. रक्ताची अथवा लघवीची तपासणी का केली नाही, असे न्यायालयाने विचारले. या दोन निर्णयांचा एकत्र परिणाम असा झाला की, शरीर बोलू लागले आणि साक्षीदारांचे महत्त्व उणावले.

मोटारीच्या कायद्याने आकड्याचा मार्ग उशिरा धरला, आणि धरला तोही अडखळत. १९७७ च्या दुरुस्तीने असमर्थतेच्या जोडीला रक्तात कितीही अल्प मद्यार्क असणे हाही गुन्हा केला. १९८८ च्या नव्या कायद्यात, कलम १८५ मध्ये, तेच कायम राहिले. १९९४ च्या दुरुस्तीने त्याला मर्यादा घातली : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक, आणि तेही श्वासपरीक्षेच्या यंत्राने आढळलेले. २०१९ च्या दुरुस्तीने यंत्राबरोबर प्रयोगशाळेतील व अन्य चाचण्यांनाही जागा दिली आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेला. सहा महिन्यांपर्यंतची कैद पूर्वीप्रमाणेच राहिली.

यामुळे महाराष्ट्रात एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली आहे. दारूबंदी कायद्यातील शेकडा ०.०५ म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. मोटारीच्या कायद्यातील मर्यादा ३०. ज्याच्या रक्तात ४० मिलिग्रॅम आढळले तो मोटारीच्या कायद्याखाली आकड्यानेच दोषी. दारूबंदीच्या कायद्याखाली मात्र पुराव्याचा भार अजून सरकारवरच. शिवाय पहिल्या आकड्याने गुन्हाच पूर्ण होतो, दुसऱ्याने केवळ भार हलतो. आणि विम्याच्या वादात यांपैकी कोणताच आकडा निर्णायक नाही : मद्याच्या अमलाखाली वाहन चालविल्यास भरपाई न देण्याची अट विमापत्रात असेल तर ती श्वासपरीक्षेवाचून इतर पुराव्यानेही सिद्ध करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात २०२१ मध्ये ठरविले. एका रात्रीच्या एका घटनेचे तीन ठिकाणी तीन हिशेब.

अपघातात माणसे दगावल्यास हिशेब आणखी गंभीर होतो. मुंबईत कार्टर रोडवर २००६ च्या नोव्हेंबरमध्ये पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली मृत्यू झाला. त्या प्रकरणात, अलिस्टर परेरा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निष्काळजीपणापुढे जाऊन सदोष मनुष्यवधाचे कलम लागू धरले व तीन वर्षांची शिक्षा कायम केली. मद्य घेऊन मोटार चालविण्यातील धोक्याची जाणीव आरोपीला होती असे मानणे, हा या बदलाचा पाया. अशा खटल्यात रक्ताच्या कुपीचे वजन किती वाढते हे सांगावयास नको. २०२४ च्या मे महिन्यात पुण्यातील एका अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनाच अटक झाली. १९५९ च्या नियमकारांची मोहोरेविषयीची शंका पासष्ट वर्षांनंतरही अनाठायी नव्हती. फरक एवढाच की, त्यांना भीती निरपराध माणूस अडकण्याची होती, येथे आरोप दोषी माणूस सुटावा म्हणून खटपट केल्याचा होता.

आता दुसऱ्या सोयीकडे, म्हणजे साहाय्याकडे, वळता येईल. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० ने आरोपीला वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला होता. वकील देण्याचे कर्तव्य कोणावर टाकले नव्हते. सरकारी खर्चाने वकील मिळे तो मुख्यतः फाशीच्या शिक्षेस पात्र अशा खटल्यांत. घटनेच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्यास पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क दिला, पण तोही ज्याला वकील परवडतो त्याचा. १९७३ च्या संहितेने सत्र न्यायालयातील खटल्यांपुरती सरकारी खर्चाने वकील देण्याची तरतूद केली. मद्य घेऊन मोटार चालविल्याचा साधा खटला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे चालतो. तो या तरतुदीच्या बाहेर राहिला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आणला. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी कैद्याला अपिलासाठी निकालाची मोफत प्रत व वकील मिळणे हा न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे असे सांगितले. ज्याच्या नावाने हा नियम झाला त्याचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला, हे त्या निर्णयाचे वैशिष्ट्य. १९८३ मध्ये मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या स्थितीवरून आलेल्या शीला बारसे खटल्यात न्या. पी. एन. भगवती यांनी, म्हणजे १९४९ च्या समितीच्या अध्यक्षांच्या चिरंजीवांनी, अटक होताच पोलिसांनी जवळच्या कायदेसाहाय्य समितीला कळवावे असा आदेश दिला. वडिलांच्या अहवालातील यंत्रणेची आठवण मुलाच्या निकालात अशी उमटावी यात कौटुंबिक योगायोग असेल. परंतु चौतीस वर्षांत राज्यकारभाराने जे केले नाही ते न्यायालयाला करावे लागले हा योगायोग नव्हे.

विधि सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ रोजी. त्याने प्रत्येक जिल्ह्याला प्राधिकरण आणि तालुक्याला समिती दिली. रत्नागिरीस जिल्हा विधि सेवा प्राधिकरण आहे ते या कायद्याने. कलम १२ मध्ये साहाय्यास पात्र ठरणाऱ्यांची यादी आहे : स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, अल्प उत्पन्नाचे लोक इत्यादी, आणि तीत, उत्पन्न कितीही असो, जो ताब्यात आहे तो. अटकेत असलेल्या चालकाला आपल्या मिळकतीचा दाखला दाखवावा लागत नाही ही गोष्ट कोठडीबाहेर फारशी माहीत नाही, कोठडीत त्याहूनही कमी. अखेर १ जुलै २०२४ रोजी अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ ने सत्र न्यायालयाची मर्यादा काढून टाकली. कोणत्याही न्यायालयातील खटल्यात वा अपिलात साधनहीन आरोपीस सरकारी खर्चाने वकील देता येईल असे झाले. वकिलामार्फत बचावाचा हक्क सांगणाऱ्या कलमाचा क्रमांक या संहितेत फिरून ३४० असाच आला आहे.

तरीही मूळ अडचण उरतेच. १९८८ च्या कायद्याच्या कलम २०२ प्रमाणे या आरोपाखाली अटक केलेल्याची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. न झाल्यास त्याला सोडून द्यावे लागते. कलम २०३ प्रमाणे श्वासपरीक्षा मागता येते. कलम २०५ प्रमाणे सबळ कारणावाचून दिलेला नकार आरोपीच्या विरुद्ध जाऊ शकतो. वकील येईपर्यंत परीक्षा थांबवावी असे कोठेही म्हटलेले नाही, आणि म्हणणे शक्यही नाही. मद्यार्क रक्तातून ओसरत जातो. तेव्हा वकिलाचे काम त्या दोन तासांत अडथळा आणण्याचे असू शकत नाही, त्या दोन तासांचा हिशेब मागण्याचे असू शकते. अटक केव्हा झाली, यंत्राची छापील पट्टी जोडली आहे काय, रक्त कोणी घेतले, स्त्री आरोपीचा नमुना पुरुष डॉक्टरने घेतला असल्यास दुसरी स्त्री हजर होती काय, कुपी केव्हा निघाली व केव्हा पोचली. हे प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी विचारले तर कागद मिळतात. सहा महिन्यांनी विचारले तर उत्तर मिळते की नोंद सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बहुधा वेगळेच घडते. गुन्हा जामीनपात्र असल्याने माणूस सुटतो, तारखेला जातो, दंड भरून मोकळे व्हावे म्हणून कबुली देतो. हा गुन्हा जागच्या जागी तडजोडीने मिटणारा नाही, कबुली म्हणजे दोषसिद्धी, आणि दोषसिद्धीबरोबर कलम २० प्रमाणे किमान सहा महिन्यांसाठी वाहन चालविण्यास अपात्रता येते, हे त्याला नंतर उमगते. मुंबई-गोवा रस्त्यावर मासळीची किंवा आंब्याची गाडी नेणाऱ्या चालकाला दंडापेक्षा हे सहा महिने जड जातात. शिवाय पुन्हा सापडला तर तो दुसऱ्यांदा गुन्हा करणारा ठरतो आणि कैदेची मर्यादा दोन वर्षांवर जाते. खरोखरच पिऊन चाक हाती धरणाऱ्याला ही शिक्षा भोगावी लागली तर त्यात गैर काहीच नाही. रस्त्यावरच्या इतरांचा जीव हाही कायद्याचा विषय आहे. प्रश्न आहे तो ४० आणि २० यांतला फरक कोणीच न तपासता दिलेल्या कबुलीचा. अटकेपूर्वी, अटकेच्या वेळी व कोठडीच्या टप्प्यावर साहाय्य पोचावे यासाठी राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र आराखडा केला तो याच उणिवेकडे पाहून. पोलीस ठाण्यातून प्राधिकरणाला निरोप जातो की नाही यावर त्याचे सारे यश अवलंबून आहे. शीला बारसे खटल्यातील आदेशही याच ठिकाणी अडला होता.

अपिलाची वाट मात्र अलीकडे जवळ आली आहे. १९४९ पासून पाऊणशे वर्षे रत्नागिरीच्या आरोपीला जिल्हा न्यायालयाच्या पुढे दाद मागावयाची तर मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते पीठ कोल्हापूर येथे सुरू झाले, आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर रत्नागिरी जिल्हाही त्याच्या कक्षेत आला. आंबा घाट ओलांडून सकाळी निघालेला माणूस आपल्या कामाची सुनावणी ऐकून रात्री घरी परतू शकतो.